कॉम्प्युटर चालू ठेवायचा का बंद? आधी तुमच्या गावची लाईन पाहा

प्रश्न एका सरांचा आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या पलीकडचं गाव त्यांचं. अकरावीतल्या पोरीसाठी त्यांनी सेकंडहँड डेस्कटॉप घेतला, आय-5, 8 जीबी रॅम, एसएसडी टाकलेला, चांगला आहे, आणि वरच्या टिनाच्या खोलीत ठेवला. आता घरात तीन मतं झाली. ज्यानं विकला तो म्हणते सारखं बंद-चालू केल्यानं पार्ट लवकर जातात, चालूच राहू द्या. सरांचे बाबा म्हणतात काम झालं की भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद, फुकटचं बिल कायले वाढवायचं. पोरगी म्हणते स्लीपला टाका, उघडायला वेळ लागत नाही. सर विचारून राहिले, खरं कोणाचं?

सर, सोळा आण्यातले बारा आणे बाबांचे. तीन पोरीचे. विकणाऱ्याचा एक, तोही जुन्या काळचा म्हणून देतो. मी दारव्ह्याले 2001 पासून हेच कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करून राहिलो, डब्ब्यासारखे मॉनिटर होते तेव्हापासून, आणि इतक्या वर्षांत बंद-चालू करून करून मेलेला कॉम्प्युटर माझ्या टेबलावर क्वचितच आला, पण रात्रभर चालू राहिला आणि पहाटे लाईनच्या झटक्यात गेला असे किती आले त्याची गिनतीच नाही.

विकणाऱ्याचा एक आणा आधी उरकून टाकू. ही गोष्ट हवेतून नाही आली. 1946 मध्ये अमेरिकेत एनिॲक नावाचा कॉम्प्युटर लोकांपुढं आला, त्यात जवळपास 18 हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या, काचेच्या, बल्बासारख्या तापणाऱ्या. जुना पिवळा बल्ब कधी उडायचा आठवा, बटन दाबलं तेव्हाच ना? त्या ट्यूबांचंही तसंच, तापताना आणि थंड होताना जास्त जायच्या, म्हणून लोक ते मशीन बंदच करायला पाहत नव्हते. ट्यूबा गेल्या, ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या, पण "बंद करू नका" हे राहून गेलं. थोडं तथ्य आजही आहे, गरम झालं की धातू फुगते, थंड झालं की आकसते, हजारो वेळा असं झालं तर सोल्डरिंगचा टाका सैल होते, आम्ही त्याले ड्राय सोल्डर म्हणतो. पण हजारो वेळा. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या कागदावर बहुतेक 50 हजार वेळा चालू-बंद असा आकडा लिहिलेला राहायचा. दिवसातून 4 वेळा केलं तरी 34 वर्षं झाली, तोवर पोरगी रिटायरमेंटच्या गोष्टी करून राहील. आणि तुमच्यात तर एसएसडी आहे, त्यात फिरणारं काहीच नाही.

बिलाचंही लवकर सांगतो. साधा डेस्कटॉप आणि एलईडी मॉनिटर मिळून नुसतं चालू ठेवलं, काही करत नसलो, तरी 70 वॅटच्या आसपास खाते, म्हणजे आपला जुना सिलिंग पंखा जितकं खाते तितकंच. पोरगी 8 तास वापरणार असं धरा, बाकीचे 16 तास तो रिकामा पंखा फिरून राहिला. 16 गुणिले 70, झाले 1120 वॅट-अवर, म्हणजे दिवसाला एक युनिटच्या थोडं वर आणि महिन्याला 33-34 युनिट. आता गंमत इथं आहे की घरगुती बिलात 100 युनिटपर्यंत एक दर राहते आणि 101 पासून पुढं जवळपास दुप्पट. तुमचं घर आज 85 युनिटवर असेल तर हे 34 मिळून तुम्ही 119 ला जाता, म्हणजे यातले 19 युनिट महाग दरानं. दर बदलत राहतात, तुमच्या बिलाच्या कागदावर छापलेले असतात, पाहून घ्या. स्लीपला टाकला तर 2-3 वॅट, महिन्याचं दीड युनिट, ते काही नाही. बाबा बिलासाठी ओरडून राहिले ते बरोबर, पण बिल हे त्यांच्या बारा आण्यातले दोनच आणे समजा.

एक सांगतो मधातच, स्क्रीनसेव्हरनं लाईट वाचत नाही. मासे पोहतात, पाईप फिरतात, मॉनिटर तितकंच खाते, उलट कधी जास्त. तो डब्बा मॉनिटरच्या काचेवर एकच चित्र चिकटून छाप पडू नये म्हणून काढला होता. मॉनिटर 5-10 मिनिटांत आपोआप बंद होईल अशी सेटिंग करून टाका.

आता मुख्य गोष्ट. लाईन.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न विचारला तर तो विजेचं बिल आणि पार्टची झीज इतकंच बोलेल, कारण त्याच्या घरी लाईन जातच नाही. आपल्याकडं लाईन जाणं हे संकट नाही, लाईन येणं हे संकट आहे. जाते तेव्हा नुसती जाते. येते तेव्हा कशी येते पाहा. फीडर, म्हणजे गावाला वीज आणणारी लाईन, ट्रिप झाला, फॉल्ट सापडत नाही, मग लाईन सोडून ट्रायल घेतात, लाईन आली, दोन सेकंदात पुन्हा गेली, पाच मिनिटांनी पुन्हा आली, पुन्हा गेली, तिसऱ्यांदा टिकली. टिकली की सगळ्या गावचे फ्रिज, कूलर, घराच्या मोटारी एकदम ओढायला लागतात, आणि शेतीचा फीडर वेगळा काढलेला नसेल तर ऑटोवर टाकून ठेवलेले कृषीपंपही एका झटक्यात सुरू होतात, व्होल्टेज 160-170 वर बसते, मग एकेक सेट झाला की वर चढते. हे सगळं 5-10 मिनिटं चालते. त्या वेळी कॉम्प्युटर चालू होऊन राहिला असला तर तीनदा अर्धवट उठला आणि तीनदा मान मुरगळली, एसएसडी असो का हार्डडिस्क, तिच्यावर लिहिणं अर्धं राहिलं की विंडोजची फाईल खराब. मग तुम्ही माझ्याकडं येता, "काही केलं नाही भाऊ, सकाळी पाहिलं तर निळा पडदा." तुम्ही खरंच काही केलेलं नसते. कॉम्प्युटरनंच रात्री 3 वाजता एकट्यानं सगळं सोसलं.

म्हणून माझा नियम सरळ आहे, लाईन येते-जाते तेव्हा घरात कोणी जागं नसेल तर कॉम्प्युटर चालू नको. जागा माणूस असला म्हणजे तो यूपीएसची (लाईन गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणाऱ्या डब्ब्याची) टीटी ऐकते आणि दोन मिनिटांत नीट बंद करते.

आता दुसरी गोष्ट, न्यूट्रलची. ही नीट वाचा कारण इथं बाबांचं "बोर्डाचं बटन" खरं ठरते. काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या वादळात आमच्या मागच्या गल्लीत झाडाची फांदी तारेवर पडली आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटली, फेजच्या तारा शाबूत. डीपीतून तीन फेज निघतात, कोणत्याही दोन फेजमध्ये 400 च्या वर व्होल्टेज राहते, पण न्यूट्रल जागेवर आहे तोवर प्रत्येक घराला आपापलं 230 मिळते. न्यूट्रल तुटली की दोन फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात आणि ज्या फेजवर लोड कमी त्या घरात व्होल्टेज चढते. मी स्वतः मीटर लावून 340 पाहिलं. त्या रात्री दोन घरचे कॉम्प्युटर होते त्या गल्लीत, दोन्ही शटडाऊन केलेले. एका घरी बोर्डाचं बटन बंद होतं, तो आजही चालते. दुसऱ्या घरी विंडोजमधून शटडाऊन केलं होतं पण बटन चालू, त्याचा एसएमपीएस, म्हणजे भिंतीची लाईन घेऊन मशीनला पुरवणारा डब्बा, गेला आणि जाता जाता मदरबोर्डही घेऊन गेला.

त्या भाऊंचा प्रश्न होता, बंद कॉम्प्युटर जळते कसा? तर शटडाऊन केलेला कॉम्प्युटर पूर्ण बंद नसते. एसएमपीएसमध्ये 5 व्होल्टची एक स्टँडबाय लाईन राहते, ती सदा जिवंत, तिच्यामुळंच तर समोरचं हलकं बटन दाबलं की मशीन उठते, माऊसचा लाल दिवा कधी कधी बंद केल्यावरही पेटून राहते तो तिच्यामुळंच. म्हणजे पाठीमागचा दरवाजा उघडाच. बाबांचं बटन तो दरवाजा लावते.

आणि स्पाईकगार्डवर जाऊ नका. तो सहा सॉकेटचा एक्स्टेंशन, लाल बटनवाला, त्यात एक छोटी चकती राहते, एमओव्ही म्हणतात, ती डोळा मिचकवायच्या आत येऊन जाणारा झटका पिते. 340 व्होल्ट दहा मिनिटं राहिलं तर ती चकतीच जळते, कधी कधी प्लॅस्टिकही घेऊन. झटके खाऊन खाऊन ती वर्षा-दोन वर्षांत झिजतेही, दिवा मात्र पेटतच राहते.

इथं एक सेटिंग सांगतो जी कोणी सांगत नाही. कॉम्प्युटर चालू करताना डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जा, तिथं पॉवरच्या पानात "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" किंवा "आफ्टर पॉवर फेल्युअर" असं काहीतरी सापडेल. त्यात तीन पर्याय, पॉवर ऑफ, पॉवर ऑन, लास्ट स्टेट. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड मशीनमध्ये हे पुष्कळदा पॉवर ऑन किंवा लास्ट स्टेटवर असते, कारण ऑफिसवाल्यांना लाईन आली की मशीन आपोआप उठायला पाहिजे असते. आपल्याकडं हेच जीवघेणं. वर सांगितलं ना, तीनदा ट्रायल, तीनदा उठणं. पॉवर ऑफ करून टाका. तुमचा सेकंडहँडच आहे सर, आज रात्रीच पाहा.

यूपीएस. घ्याच, पण त्याच्या जीवावर रात्रभर चालू ठेवू नका. साधा 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे 360 वॅट, आत 12 व्होल्ट 7 एएचची एक बॅटरी, नवीन असताना साध्या कॉम्प्युटरला 15-20 मिनिटं देते. तो तुम्हाला काम करू देण्यासाठी नाही, सेव्ह करून नीट बंद करू देण्यासाठी आहे. रात्री 2 ला लाईन गेली, तो टीटी करून करून दमला, कोणी उठलं नाही, 20 मिनिटांनी कॉम्प्युटर तसाच झटक्यानं बंद, वरून बॅटरी तळापर्यंत रिकामी झाली ते वेगळं, असं दहा-वीसदा झालं की बॅटरी संपली. आणि ही बॅटरी 25 डिग्रीचा हिशोब धरून बनवलेली राहते, तिथून दर 8-10 डिग्री वर गेलं की तिचं आयुष्य अर्ध्यावर येते. आपल्या मे महिन्यात टिनाखाली ती किती जगणार ते तुम्हीच काढा. आमच्याकडं दोन वर्षं चालली तर देवाची कृपा.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असंही बरेच जण म्हणतात. इन्व्हर्टरवर चालते, पण त्याच्या मागं एक बारीक स्विच राहते, नॉर्मल आणि यूपीएस, तो यूपीएसवर पाहिजे. कारण कॉम्प्युटरचा एसएमपीएस लाईन गेल्यावर साधारण 16-17 मिलीसेकंद दम धरते, म्हणजे लाईनची एक लाटही पूर्ण नाही, लाट 20 मिलीसेकंदाची असते. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर तेवढ्यात धावून येते, नॉर्मलमध्ये दुप्पट-अडीचपट वेळ घेते, पंख्याले चालते, कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊन जाते. आणि इन्व्हर्टर साईनवेव्ह असेल तर बरं, जुन्या स्क्वेअरवेव्हवर एसएमपीएस कण्हल्यासारखा आवाज करते.

आता टिनाची खोली. सर, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर 45-46, चंद्रपुराकडं त्याच्याही वर, आणि टिनाखाली दुपारी काय असते हे सांगायची गरज नाही. बऱ्याच कंपन्यांच्या डेस्कटॉपवर लिहिलेलं असते की 35 डिग्रीपर्यंतच्या खोलीत चालवा. आपली मे मधली टिनाखालची दुपारची हवा त्याच्या कितीतरी वर. मशीन लगेच बंद पडत नाही, प्रोसेसर 95-100 डिग्रीच्या घरात गेला की स्वतःच स्लो होऊन स्वतःले वाचवते. पण एसएमपीएस आणि मदरबोर्डवर जे उभे डब्बीसारखे कॅपॅसिटर राहतात त्यांना असं वाचता येत नाही. आत द्रव राहते, उष्णतेनं हळूहळू वाळते. आमच्या धंद्यातला ठोकताळा असा की 10 डिग्री कमी झालं की कॅपॅसिटरचं आयुष्य दुप्पट, 10 वाढलं की अर्धं. वरून फुगलेला, डोक्यावरची खाच उघडलेला कॅपॅसिटर पाहिला की समजायचं हा गरमीनं गेला. आणि कॅपॅसिटर तापते कधी, तर चालू असताना. म्हणून विकणाऱ्याचं "चालूच ठेवा" हे थंड एसी खोलीत थोडंफार चालून जाते, टिनाखाली रिकामा चालू ठेवलेला प्रत्येक तास कॅपॅसिटरच्या आयुष्यातून चाललाय. जमत असेल तर मे-जूनपुरता खालच्या स्लॅबच्या खोलीत उतरवा. न जमलं तर दुपारी 12 ते 5 नकोच, पहाटे आणि रात्री वापरू द्या.

आणि कृपा करून कूलर समोर ठेवून कॅबिनेटवर हवा मारू नका. हे सगळे करतात. पोरं म्हणतात मशीन थंड राहते. आपलं बोअरचं पाणी खारं, कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसते तो तुम्ही दरवर्षी खरवडता ना, ते क्षार बारीक थेंबांबरोबर आत जाऊन बोर्डवर बसतात, त्यावर धूळ, आणि पावसाळ्यात तो थर ओल धरते. रॅमचे पिवळे पाय हिरवट-काळे झालेले मशीन आलं की मी आधी विचारतो, कूलर कुठं ठेवता? बाजूनं वारा येऊ द्या, सरळ नको.

पोरीच्या तीन आण्यांकडं येतो, तिचं मत टाकण्यासारखं नाही. स्लीपमध्ये सगळं काम रॅममध्ये जागं ठेवतात आणि बाकी मशीन झोपते, उठायला दोन-तीन सेकंद. दिवसा जेवायला गेली, क्लासला गेली, तासा-दोन तासाले परत येणार आहे, घरी आजी-बाबा कोणी आहे, तर स्लीप एकदम योग्य. फक्त रॅमची आठवण लाईनवर टिकते, लाईन गेली आणि यूपीएस संपला की अर्धं लिहिलेलं गेलं. याच्यावर उपाय विंडोजमध्येच आहे, पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स सेटिंगमध्ये "अलाऊ हायब्रिड स्लीप", ते ऑन केलं की झोपताना रॅममधलं सगळं डिस्कवरही उतरवून ठेवते, लाईन गेली तरी तिथूनच उठते. काही मशीनवर हा पर्याय दिसत नाही, मग हायबरनेट वापरा, त्यात सगळं डिस्कवर टाकून मशीन बंदच होते. आणि त्याच ठिकाणी "अलाऊ वेक टायमर्स" डिसेबल करून टाका, नाहीतर अपडेटसाठी मशीन रात्री स्वतःहून उठते आणि घरच्यांना वाटते भूत आलं. खोटं नाही सांगत, एका घरी आजीनं मशीनवर लिंबू ठेवलेलं मी पाहिलं आहे.

आता शटडाऊनमधली एक फसवणूक. पोरीला म्हणा टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक कर, खाली "अपटाईम" लिहिलेलं दिसेल. (सीपीयू म्हणजे आतली चिप हो, आपण सगळे त्या डब्ब्यालाच सीपीयू म्हणतो, मीही म्हणतो, पण तो कॅबिनेट.) तुम्ही रोज शटडाऊन करता तरी तिथं 18 दिवस, 30 दिवस असं दिसू शकते. कारण विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, फास्ट स्टार्टअप नावाचं एक आहे, ते शटडाऊनमध्ये तुमचे प्रोग्रॅम बंद करते पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा झोपवते आणि दुसऱ्या दिवशी तोच उठवते. म्हणून एखादा प्रिंटर रुसला, नेट चालत नाही, आणि तुम्ही म्हणता "बंद करून चालू केलं तरी तेच", तर बंद झालंच नव्हतं. रिस्टार्टच खरा, त्यात सगळं नवीन सुरू होते. एसएसडीवर फास्ट स्टार्टअपचा फायदा काही सेकंदांचा, मी तर गिऱ्हाईकाच्या मशीनमध्ये ते काढूनच देतो. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", तिथली टिक काढा. नसेल काढायची तर आठवड्यातून एकदा रिस्टार्ट मारत जा.

लॅपटॉपवाल्यांनी विचारायच्या आत सांगतो. लॅपटॉपमध्ये बॅटरी म्हणजे घरचाच यूपीएस, रात्री झाकण लावून ठेवला तरी लाईनची भीती कमी, पण चार्जर काढून ठेवा. उन्हाळ्यात 24 तास चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगते, टचपॅड वर उचललं जाते, असे दर जूनमध्ये येतात. 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग बऱ्याच कंपन्यांनी दिलेली आहे, ती लावा.

विजांचं वेगळं. ढग गडगडायला लागले की बटन वगैरे विसरा, पिन ओढून काढा. वीज इतक्या लांबून आभाळातून आली, तुमच्या बटनातला दोन-तीन मिलीमीटरचा गॅप तिला काय अडवणार. त्यात आपल्या गावच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे लागलेले कमी नाहीत, बटन न्यूट्रल तोडते आणि फेज तसाच मशीनपर्यंत जाऊन बसलेला. पिन काढली की नेटची तारही काढा, हे लोक विसरतात. फायबर स्वतः काचेचं, त्यातून झटका येत नाही, पण घरातल्या डब्ब्याला ॲडॉप्टर आहे आणि डब्ब्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची लॅनची तार तांब्याची. मी लॅन पोर्ट काळं पडलेले बोर्ड पाहिले, पॉवरची बाजू एकदम ठणठणीत. मे अखेर ते जून, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीच्या वेळी, हरभरा-गहू झाकायला पळता तेव्हा एक हात पिनलाही लावून जा.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का? बहुतेक येत असतील, कारण बोर्डात तिसरं छिद्र आहे पण त्याच्या मागं तारच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेले राहतात, झटका आणि आवाज अर्थिंगमध्ये सोडण्यासाठी. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटवर अर्ध व्होल्टेज, 110-115 च्या आसपास तरंगत राहते. करंट फार बारीक, माणूस मरत नाही, पण पेनड्राईव्ह लावता-काढताना पोर्ट उडू शकते आणि स्पाईकगार्डही निम्मा बेकाम. वायरमनकडून आंगणात अर्थिंग करून घ्या, अडीच-तीन मीटर पाईप, कोळसा, मीठ. आणि एक आपल्या काळ्या जमिनीचं सांगतो, पावसाळ्यात ही जमीन ओल इतकी धरते की अर्थिंग झकास, पण एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाईप मातीपासून सुटा होते, अर्थिंग आहे पण नसल्यासारखं. तुळशीला पाणी घालता तसं त्या खड्ड्यातही दोन दिवसाआड बादलीभर घालत जा.

मग चालू कधी ठेवायचा? सेवा केंद्रवाले दिवसभर चालू ठेवतात, ठेवावाच, दाखले आणि ॲडमिशनच्या दिवसांत लोक दारात उभे राहतात, दर वेळी बंद-चालू काय करणार. पण संध्याकाळी शटर ओढताना बंद. कॅमेऱ्याचा डीव्हीआर 24 तास चालणारच, त्याच कामासाठी तो बनलेला. पोरीला रात्री नेट चांगलं मिळते म्हणून मोठं काही डाऊनलोड लावायचं असेल तर लावू द्या, संपल्यावर आपोआप शटडाऊन व्हायची सोय बहुतेक डाऊनलोडच्या प्रोग्रॅममध्ये असते, ती टिक करायला सांगा.

पाली आणि कापूस राहिले. हिवाळ्यात चालू मशीन म्हणजे पालीसाठी शेकोटी, एसएमपीएसच्या जाळीतून आत जाते, दोन टोकांत पाय ठेवते, ती पण गेली आणि एसएमपीएस पण गेला. मागं उघड्या राहिलेल्या पट्ट्या बंद करा. आणि जिनिंगजवळ घर असेल किंवा घरात कापूस भरून ठेवता तर त्याची तूस पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटीत अशी गादीसारखी बसते की हवाच जात नाही. जितके तास पंखा फिरेल तितकी तूस आत. दिवाळीनंतर महिन्यातून एकदा, एरवी तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, मारताना पंख्यात काडी अडकवा, नाहीतर हवेच्या जोरानं तो भरमसाट फिरून बेअरिंग जाते.

बाबांचे चार आणे कुठं कापले ते सांगायचं राहिलं. एक, आधी शटडाऊन, पडदा काळा होऊन पंखा थांबेपर्यंत थांबायचं, मग बटन. बाबा सरळ बटन दाबत असतील तर त्यांच्यात आणि गेलेल्या लाईनीत काही फरक नाही. दोन, पावसाळ्यात पोरगी महिनाभर हॉस्टेलला गेली म्हणून मशीन पूर्ण बंद ठेवू नका, ओल धरते, दोन-तीन दिवसाआड तासभर चालू करा, त्याच्याच गरमीनं ते आतून वाळते. तीन, बोर्डाचं बटन रोज बंद ठेवलं की मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर 2032, लवकर संपते, कारण बटन चालू असताना तारीख-वेळ सांभाळायचं काम स्टँडबाय लाईन करते आणि बंद असताना तो सेल एकटा. दोन-तीन वर्षांनी एक दिवस मशीन जुनीच तारीख दाखवेल, कितीतरी वर्षं मागची, वेबसाईट उघडायच्या नाहीत, सर्टिफिकेटचा एरर येईल, आणि तुम्हाला वाटेल व्हायरस आला. त्यासाठी कोणाकडून फॉरमॅट मारून घेऊ नका. सेल 40-50 रुपयांना मिळते, घड्याळवाल्याकडंही, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा. आणि सेल बदलला की बायोसच्या सेटिंग बहुतेक मूळ जागी गेलेल्या असतात, ते पॉवर ऑफवालं पुन्हा करावं लागते.